कोडमास्तरांची खुर्ची

सूनबाईला परीक्षेला बसवण्यात कोडमास्तरांचा फायदा काय होता, ते आधी मांडून टाकू. म्हणजे पुढे त्यांच्या चांगुलपणाबद्दल कुणाची दिशाभूल व्हायला नको.

पहिला फायदा स्कूटरचा. सूनबाईकडे स्कूटर होती आणि मास्तरांकडे दुखरे गुडघे. ती मास्तरांच्या रुग्णालयात लागली तर सकाळी बसथांब्यावर ताटकळणं सुटणार होतं. दुसरा फायदा श्रोत्याचा. जेवताना मास्तर कामातलं काही सांगायला लागले की मास्तरीणबाई उठून नळ सोडायच्या, आणि नळ बंद होईपर्यंत गोष्टीतला जीव गेलेला असायचा. तिसरा फायदा मात्र खरा. विमा कंपन्या तेव्हा नव्यानेच कुरकुरू लागल्या होत्या, की फायलीखाली प्रमाणपत्रधारक कोडरची सही हवी. मास्तरांकडे प्रमाणपत्र नव्हतं. ते नोकरीला लागले तेव्हा असलं काही नसायचंच. ज्याला डॉक्टरांचं अक्षर लागतं तो कोडर, एवढीच पात्रता. आता बाहेरून कुणी प्रमाणपत्रवाला येऊन खोलीत बसला, तर तो आज सही करेल आणि उद्या खुर्ची मागेल. त्यापेक्षा प्रमाणपत्र घरातलंच असलेलं बरं. सही सूनबाई करेल, खुर्ची जिथल्या तिथे राहील.

हे सगळं त्यांनी घरात मांडलं ते एका वाक्यात. "शिकलेली मुलगी आहे, घरात बसून गंजायला नको."

"गंजतंय कोण इथे?" मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. "मी इतकी वर्षं आहे, मला लागलाय का गंज?"

परीक्षेची फी मास्तरांनी स्वतः भरली आणि पुढे वर्षभर ती कुणाला विसरू दिली नाही.

कोडिंग म्हणजे काय, हे मास्तर दूधवाल्यालाही समजावून सांगायचे. रुग्ण बरा होऊन घरी गेला, की त्याची फाईल तळघरात येते. डॉक्टरने काय पाहिलं, काय केलं, ते वाचायचं आणि जाडजूड पुस्तकातून प्रत्येक आजाराला, प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरलेला क्रमांक द्यायचा. क्रमांक बरोबर तर बिल मंजूर. चुकला तर फाईल परत, आणि वर शेरा. पुस्तकात माणसाला होऊ शकणारं सगळं होतं. शिडीवरून पडणं वेगळं, पलंगावरून पडणं वेगळं. पोपट चावला तर त्यालाही स्वतंत्र क्रमांक होता, आणि मास्तर तो पाहुण्यांसाठी राखून ठेवत.

"आणि नवऱ्याने डोकं खाल्लं तर?" मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं.

"ते जुनाट दुखण्यात येतं," मास्तर म्हणाले.

सूनबाईचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर चाले. परीक्षेला पुस्तक सोबत नेता येतं, हे ऐकून तिच्या नवऱ्याला वाटलं होतं की मग त्यात कठीण ते काय. तो कामानिमित्त सदा बाहेरगावी, त्याला फोनवर समजावण्यात अर्थ नव्हता. पुस्तक समोर असतं, पण घड्याळही समोर असतं. ज्याला कुठे उघडायचं ते कळत नाही त्याला पुस्तक म्हणजे नुसती उशी. मास्तरांनी तिच्या पुस्तकाला रंगीत पट्ट्या लावून दिल्या. हाडांना पांढरी, हृदयाला लाल, आणि बाळंतपणाला, का कोण जाणे, जांभळी. समासात बारीक पेन्सिलीने सूचना लिहून दिल्या. रात्रीची भांडी आवरली की दोघं समोरासमोर बसत. मास्तर एखादी केस सांगत, सूनबाई पानं उलटायची, आणि मास्तर उगाचच घड्याळाकडे बघून तिला घाई करत.

ती पहिल्या फटक्यात पास झाली. मास्तरांनी पेढे वाटावेत तशी ती बातमी मजल्यामजल्यावर वाटली. मात्र तिच्या प्रमाणपत्रात नावापुढे एक शब्द होता, 'शिकाऊ'. दोन वर्षं प्रत्यक्ष काम करायचं, मग विभागप्रमुखाने तसं पत्र द्यायचं, तेव्हा तो शब्द निघणार. मास्तरांना ही व्यवस्था फारच आवडली. विभागप्रमुख तेच होते.

ती दोन वर्षं मास्तरांना अजून आठवतात.

खोली तळघरात होती. खिडकी वरच्या पदपथाच्या पातळीवर, त्यामुळे बाहेरचं जग म्हणजे नुसते बूट. कुठल्या बुटांचा डॉक्टर आज रागात आहे, हे मास्तर चालीवरून सांगत. लोखंडी मांडण्या छतापर्यंत, त्यांना टेकवलेली शिडी, जुन्या कागदाचा कोमट वास, आणि मधोमध मास्तरांचं टेबल. टेबलावर काच, आणि काचेखाली प्रत्येक डॉक्टरच्या अक्षराचा एकेक नमुना. नवीन डॉक्टर आला की मास्तर त्याच्याकडून काही ना काही निमित्ताने चार ओळी लिहून आणत आणि काचेखाली सरकवत. टेबलामागे ती खुर्ची. लाकडी, फिरती, वळताना एकाच ठिकाणी कुरकुरणारी. तिच्यावर मास्तरीणबाईंनी शिवलेली उशी होती, आणि तिच्यात बसल्यावर मास्तरांची उंची बोटभर वाढायची, असं शिपाई म्हणायचा.

घरी सूनबाई त्यांना बाबा म्हणायची, तळघरात सर. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नातं बदलायचं. संध्याकाळी त्याच पायरीवर मास्तर परत बाबा व्हायचे आणि स्कूटरवर मागे बसताना तिला जपून चालव म्हणायचे.

तिथे त्यांनी तिला पुस्तकाबाहेरचं शिकवलं. हाडांचे डॉक्टर प्रत्येक आजारापुढे प्रश्नचिन्ह काढतात, त्यांचं मन मोडायचं नाही. बालरोगाच्या बाई शेवटच्या ओळीत खरं कारण लिहितात, तेव्हा कागद खालून वाचायचा. आणि डॉक्टरला विचारायची रीत शिकवली. कागदावर काही अर्धवट असेल तर कोडर स्वतः ठरवत नाही. लेखी विचारणा करतो. पण विचारायचं असं, की उत्तर आपण सुचवलं असं होता कामा नये.

सूनबाईची पहिली विचारणा मास्तरांनी तिच्या डोळ्यांदेखत फाडली होती. रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरलेलं, वरून रक्त चढवलेलं, पण डॉक्टरने आजाराचं नाव लिहिलेलं नव्हतं. तिने विचारलं होतं, 'रुग्णाला रक्तक्षय होता ना?'

"हा 'ना' कुणाचा?" मास्तर म्हणाले. "डॉक्टर घाईत असतो. तू 'ना' म्हणालीस की तो 'हो' म्हणणार. मग ते निदान डॉक्टरचं राहिलं नाही, तुझं झालं."

"मग विचारायचं कसं?"

"जे दिसतंय ते मांडायचं. खाली पर्याय द्यायचे, आणि शेवटचे दोन पर्याय नेहमी ठेवायचे. 'इतर, कृपया लिहावे' आणि 'सांगता येत नाही'. माणसाला पळायला एक दार ठेवावं. दार असलं की तो सहसा पळत नाही."

ती हे शिकली. इतकी चांगली शिकली, की वर्षभरात डॉक्टर मास्तरांच्या विचारणांना उशिरा आणि तिच्या विचारणांना लगेच उत्तर देऊ लागले. मास्तरांनी याचं श्रेय तिच्या सुवाच्य अक्षराला दिलं.

मग रुग्णालयात नवे प्रशासक आले. वयाने लहान, गळ्यात कायम टाय. तळघरात त्यांचं नावच टायसाहेब पडलं. ते एकदा स्वतः पायऱ्या उतरून खाली आले, शिडीला हात लावून पाहिला, हात पुसला आणि मास्तरांशी फार आदराने बोलले. इतका आदर पाहून मास्तर सावध झाले. टायसाहेबांचं म्हणणं असं, की यापुढे विभागप्रमुख पूर्ण प्रमाणपत्रधारक असायला हवा. सध्या रुग्णालयात तसं कुणीच नाही, तेव्हा मास्तर निवृत्तीपर्यंत सांभाळतीलच. पण त्याआधी रुग्णालयातलंच कुणी पात्र झालं तर जागा त्याला मिळेल. किंवा मास्तरांनीच परीक्षा द्यावी. त्यांना काय कठीण आहे.

मास्तरांनाही तसंच वाटलं. सबंध आयुष्य ज्यात गेलं त्याची परीक्षा म्हणजे आपल्याच घरात पाहुणा म्हणून जाण्यासारखं.

आता टेबलावर बाजू बदलल्या. पट्ट्या सूनबाईने लावून दिल्या, आणि घड्याळही तिच्या बाजूला गेलं. पण पहिल्याच आठवड्यात गाडी अडली ती एका शब्दावर. मास्तरांचं आयुष्य दाखल झालेल्या रुग्णांच्या फायलीत गेलं होतं. तिथे घरी सोडताना डॉक्टरने 'न्यूमोनिया असावा' असं लिहिलं, तर न्यूमोनिया धरायचा, असा नियम. परीक्षेत मात्र बरेचसे प्रश्न बाहेरून तपासून जाणाऱ्या रुग्णांचे, आणि तिथे नियम उलटा. 'असावा' लिहिलं असेल तर आजार धरायचाच नाही. खोकला दिसत असेल तर नुसता खोकला धरायचा.

"असावा म्हणजे आहेच," मास्तर म्हणायचे. "एवढ्या वर्षांत कुणी 'असावा' लिहिलं आणि नव्हता असं झालेलं नाही. हा डॉक्टर भिडस्त दिसतो, म्हणून असावा म्हणतो."

"बाबा, हा डॉक्टर नाहीये. हा प्रश्न आहे."

मास्तर मान डोलवायचे आणि पुढच्या प्रश्नात परत न्यूमोनिया धरायचे. नियम त्यांना पाठ होता. हात ऐकत नव्हता. कागद वाचला की त्यांना तो लिहिणारा माणूस दिसायचा, त्याची घाई, त्याची भीड, त्याचे बूट. परीक्षेच्या कागदामागे माणूसच नव्हता, आणि मास्तर तो शोधत बसायचे.

ते नापास झाले. थोडक्यात झाले, पण नापासच. निकाल त्यांनी संगणकावर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि मग मास्तरीणबाईंना म्हणाले की प्रश्नपत्रिकाच बाहेरच्या रुग्णांकडे झुकलेली होती. मास्तरीणबाईंनी त्या दिवशी नळ सोडला नाही. समोर बसून सगळं ऐकून घेतलं. मास्तरांना त्याचंच जास्त लागलं.

पुन्हा बसता आलं असतं. मास्तर म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' घरात सगळ्यांना कळायचं.

अशात सूनबाईची दोन वर्षं भरली. पत्र चार ओळींचं होतं. अमुक व्यक्तीने माझ्या हाताखाली इतका काळ कोडिंगचं काम केलं आहे, हे मी प्रमाणित करतो. तिने ते टाईप करून सकाळी टेबलावर ठेवलं. मास्तर म्हणाले, ठेव, वाचतो. दुपारी ते पेपरवेटखाली गेलं, संध्याकाळी खणात.

एक सही, आणि सूनबाईच्या नावापुढचा शब्द गेला. पगार वाढला, मान वाढला. त्याच एका सहीने मास्तरांची खुर्ची गेली. सही केली नाही तर ती शिकाऊ राहणार आणि मास्तर निवृत्तीपर्यंत कुरकुरत फिरणार, म्हणजे खुर्ची कुरकुरत फिरणार. मास्तर स्वतःला सांगत होते की पत्राचा मसुदा नीट बघायला हवा. चार ओळींच्या पत्रात बघण्यासारखं काय असतं, हे ते स्वतःला विचारत नव्हते.

सूनबाईने आठवण करून दिली नाही. चहा वेळेवर, स्कूटर वेळेवर, तिसऱ्या पायरीवर सर. फक्त वाटेतलं बोलणं आटलं. आधी सिग्नलला थांबलं की ती एखादी केस काढायची. आता सिग्नलला नुसता सिग्नलच असायचा. मास्तरीणबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी दोघांना स्कूटरवरून उतरताना दोन-तीनदा पाहिलं आणि एका जेवणात म्हणाल्या, "तुमच्या कचेरीत काही नासलंय का? वास इथपर्यंत येतो."

मास्तरांनी मीठ मागितलं.

पुढच्या आठवड्यात मास्तर डॉक्टरांकडे वर पाठवायच्या विचारणा तपासायला बसले. हे काम त्यांचंच; त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही विचारणा वर जात नसे. हाडांच्या डॉक्टरांना एक, बालरोगाच्या बाईंना एक. तिसरीवर डॉक्टरच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'विभागप्रमुख'. अक्षर सूनबाईचं, सुवाच्य.

'अनुभवपत्र सहीसाठी आपल्याकडे दिलेले आहे. दोन वर्षांचा काळ पूर्ण झाल्याची नोंद हजेरीपटावर आहे. पत्रावर सही दिसत नाही. कृपया कारण स्पष्ट करावे. पर्याय: काम समाधानकारक नाही. पत्रात दुरुस्ती हवी. सही करायची राहून गेली. इतर, कृपया लिहावे. सांगता येत नाही.'

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा त्यांचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला आणि ते त्यात चूक शोधू लागले. चूक सापडेना. कुठे 'ना' नव्हता. कुठला पर्याय दुसऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलत नव्हता. राहून गेली, असं म्हणून सुटायची सोय तिने ठेवली होती, आणि तीही बरोब्बर मधोमध, घाईतल्या माणसाचं बोट सहज पडेल अशा ठिकाणी नव्हे. जे दिसतंय ते मांडलं होतं. दार ठेवलं होतं.

पलीकडे सूनबाई शिडीवर चढून फाईल काढत होती. पाठ इकडे.

'काम समाधानकारक नाही' यावर खूण करणं शक्य नव्हतं. ते खोटं होतं, आणि मास्तरांनी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. 'राहून गेली' हेही खोटंच, फक्त सभ्य. 'सांगता येत नाही' जवळपास खरं होतं. त्यावर पेन्सिलीचं टोक बराच वेळ टेकलेलं राहिलं. पण सांगता येत नाही हा पर्याय ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी असतो, हेही त्यांनीच तिला शिकवलं होतं. ज्याला माहीत असून सांगवत नाही त्याच्यासाठी नव्हे.

त्यांनी 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'खुर्ची सोडवत नाही.'

मग खण उघडला, पत्र काढलं, आणि पेनाने सही केली. दोन्ही कागद तिच्या ट्रेमध्ये ठेवले आणि घशातून उगाच एक आवाज काढला. ती शिडीवरून उतरली. आधी विचारणा वाचली, मग पत्र पाहिलं.

"सर," ती म्हणाली, आणि थांबली. "उत्तर पेन्सिलीने लिहिलंय. पेनाने हवं."

"दे इकडे," मास्तर म्हणाले, आणि ती तीन अक्षरी कबुली पुन्हा, शाईने, गिरवली. खरं तर तीन शब्दी; पण त्या क्षणी त्यांचं मोजमाप जागेवर नव्हतं.

त्या संध्याकाळी सिग्नलला सूनबाईने एक केस काढली. जळालेला हात आणि त्यात साखरेचं दुखणं, आधी क्रमांक कुणाचा. मास्तर मागून इतके तावातावाने बोलले, की शेजारच्या गाडीवाल्याने काच खाली केली.

पुढचं भराभर झालं. शब्द निघाला, जागा सूनबाईची झाली. टायसाहेबांनी मास्तरांना सल्लागार म्हणून राहायला सांगितलं. मास्तरांनी भिंतीकडेच्या स्टुलावर महिनाभर सल्ला दिला आणि एका शनिवारी मुदतीआधीच निवृत्ती मागितली. गुडघ्यांचं कारण लिहिलं. ते खोटं नव्हतं.

आता ती खोली नाही. मांडण्या भंगारात गेल्या, फायली यंत्रात गेल्या, आणि तळघरात रुग्णालयाच्या गाड्या उभ्या राहतात. सूनबाई वरच्या मजल्यावर काचेच्या दालनात बसते, किंवा घरीच, पडद्यासमोर. डॉक्टर आता लिहीत नाहीत. यादीतला आजार बोटाने निवडतात. सगळ्यांचं अक्षर एकसारखं झालं आहे. काचेखालचे नमुने मास्तरांनी घरी आणले आणि अधूनमधून काढून बघतात, लोक जुने फोटो बघतात तसे. हा गेला. हा परदेशी गेला. ही शेवटच्या ओळीत खरं लिहायची.

तर जमाखर्च असा. टायसाहेबांना बढती मिळाली, त्यांनी काही दिलं नाही. सूनबाईला पद मिळालं. त्यापोटी तिने भांडायला हक्काचा माणूस दिला, पण तो तिला रोज रात्री जेवणाच्या टेबलावर परत मिळतो, म्हणजे तिचं खातं जवळपास सारखं. मास्तरांनी खुर्ची दिली, असं सगळे म्हणतात. पण खुर्चीही गेलेली नाही. रुग्णालय ती टाकून देणार होतं, सूनबाईने टेम्पोत घालून घरी पाठवली. ती आता स्वयंपाकघराच्या दारात असते, कारण दुसरीकडे कुठे मावत नाही.

पूर्वी दुपारी घर रिकामं असायचं तेव्हा मास्तरीणबाई रेडिओ लावून खिडकीपाशी पाय पसरून बसत. शेजारीण येई, दोघी तासन्‌तास हसत, कशावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरांना या दुपारी असतात हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते निघाले की घर थांबायचं आणि परतले की सुरू व्हायचं. आता ते दारात खुर्चीवर असतात. रेडिओचा आवाज त्यांना सोसत नाही. शेजारीण दारातून डोकावून परत जाते. फळीवरच्या डब्यांना त्यांनी क्रमांक दिले आहेत आणि साखर हव्या त्या जागी नसली की खुर्ची कुरकुरते.

परवा सूनबाई लवकर आली तर मास्तरीणबाई मागच्या पायरीवर एकट्याच बसल्या होत्या, उन्हात, मांडीवर बंद रेडिओ.

"काय झालं आई?" तिने विचारलं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझं पद फार छान आहे. त्याची किंमत मला परवडली."